सहादूची दुसऱ्या गिअरची गाडी

…हां, तर नवरदेवच गाडी ढकलत होता. डोक्याला फेटा, गळ्यात हार, अंगात नवाकोरा सफारी, आणि गडी दोन्ही हात गाडीच्या पाठीला लावून ओढ्याच्या चढावर जोर लावतोय. मागं हुडाच्या घडीवर करवली बसलेली, मांडीवर कऱ्हा घेऊन. ती काही केल्या खाली उतरंना.

"अगं, उतर की, तेवढाच भार कमी!" सगळे ओरडतात.

ती म्हणते, "करवलीनं अर्ध्या वाटंत उतरायचं नसतं. दादाचा संसार अर्ध्यात अडकंल."

मग दादा बिचारा तिलाही ढकलतोय आणि संसारालाही. आम्ही बँडवाले पुढं तसेच उभे. आमचे मास्तर म्हणाले, "नुसतं बघता काय? वाजवा. ढकलणाराला जोर येतो." आम्ही वाजवलं आणि खरंच सांगतो, गाडी चढली. वर गेल्यावर नवरदेव धापा टाकत सीटवर बसला, तर स्टिअरिंगवरचा सहादू त्याला शांतपणे म्हणतो, "आता हार सरळ करा. गाव आलं."

काल इथंच जेवायची हाक आली आणि गोष्ट राहिली. पण तुमच्यातले निम्मे काल नव्हते. त्यांना वाटेल, कसली ही गाडी, जिच्यात नवरदेव बसायचाही आणि जिला ढकलायचाही? म्हणून मुळापासून सांगतो. मुळापासून सांगितल्याशिवाय मला पुढचं आठवतही नाही.

सहादू पगारे आमच्या देवळाली गावचा, आमच्याच वाड्यातला, बौद्धवाड्यातला. माझ्यापेक्षा चार पावसाळे मोठा, म्हणून मी त्याला सहादूदा म्हणायचो. अंगानं काटकुळा, मिशी मात्र दोन माणसांची. देवळाली कॅम्पात तेव्हा पारशी लोकांचे बंगले होते, त्यातल्या होमीशेठच्या बंगल्यावर तो माळी. पोरवयात लष्कराच्या लॉऱ्या धुवायला जायचा, तिथंच गाडी चालवायला शिकलो म्हणायचा. त्याची बायको मालनबाई लगेच म्हणायची, "शिकले कसले! धुता धुता हँडब्रेक सुटला अन् हे आत व्हते. त्याला शिकणं म्हणत्यात व्हय?"

होमीशेठच्या मोटारखान्यात एक लाल गाडी होती. इंग्लंडातून आलेली, शर्यतीच्या घराण्यातली. जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. वर टप नाही, मागं नुसतं घडी पडलेलं कापडी हूड, पुढचं नाक हे एवढं लांब, चाकांना सायकलीसारखे तारांचे आरे, आणि दार इतकं बुटकं की उघडायच्या ऐवजी ओलांडूनच जावं. शेठ तरुणपणी ती पळवायचे म्हणे. म्हातारपणी त्यांच्या पाठीला ती सोसंना. गाडी उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास शेठ बंगला विकून परदेशी मुलाकडं निघाले. नवा मालक म्हणाला, हे भंगार आधी उचला. शेठनी सहादूला विचारलं, "डिकरा, तू नेतोस?" सहादू हो म्हणाला, पण गाडी काही हलवीना. नवा मालक रोज तगादा लावी, हा रोज उद्या म्हणे. कारण काय, तर पुढच्या एका दिव्याची काच फुटलेली होती, आणि त्यात चिमणीनं घर केलं होतं. पिलं होती आत. ती उडून गेली त्या दिवशी सहादूनं गाडीला हात लावला.

गाडी वाड्यात आली ती बैलांनी ओढत. तीही पहिल्या खेपेला आली नाही. दोर पुढच्या लोखंडी पट्टीला बांधला, बैलांना हाकललं, बैल निघाले आणि पट्टीही निघाली. बैल आणि पट्टी विहितगावाकडं, गाडी बंगल्याच्या दारात. गाडीवानाला नाक्यावर गेल्यावर कळलं की बैल आज एवढे हलके का चालतायत. दुसऱ्या खेपेला दोर खालून, आसाला बांधला.

मालनबाईनं दारात उभं राहून गाडीकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाली, "ही बिनपदराची कुठून आणली?"

टप नाही म्हणजे डोक्यावर पदर नाही. झालं! त्या दिवसापासून गाडीचं नाव बिनपदराची. पुढं पुढं तर लग्नाची सुपारी द्यायला येणारे पाव्हणेही विचारायचे, "सहादू पगारे कुठं राहतात? ते, बिनपदरावाले?" आणि मालनबाई घरातून ओरडायची, "पदरावाली आत हाय, बिनपदराची भाईर हाय. कोणती पायजे?"

भगूर रस्त्याला बारकू नावाचा एक मेकॅनिक होता. त्यानं ती गाडी उठवली. कुठं जीपचा भाग, कुठं ट्रॅक्टरचा, कुठं नुसतीच तार. गाडी सुरू झाली तेव्हा असा आवाज झाला की समोरच्या चिंचेवरचे कावळे दोन दिवस परत आले नाहीत. बारकूनं सहादूला गिअर समजावून दिले. "हा पहिला, उठायला. हा दुसरा, चालायला."

"अन् म्होरले दोन?" सहादूनं विचारलं.

"ते साहेबलोकांचे. त्याला हात लावू नको. मी जुळणी केलीय, पण मला तिचा भरवसा नाय."

आता बघा, बारकू हे त्या दिवसापुरतं बोलला होता. पण सहादू शब्दाचा पक्का माणूस. त्यानं ते जन्मभरासाठी ऐकलं.

मग ती लग्नात कशी शिरली? तेही नवल आहे. आमच्याच वाड्यातल्या एका पोराचं लग्न, वरात शेजारच्या गावी जायची. घोडा ठरवलेला. ऐनवेळी घोडेवाल्यानं सांगितलं, घोडं लंगडतंय. घोडं लंगडत नव्हतं. आमच्या नवरदेवाला घोड्यावर बसवून त्या गावातून न्यायचं त्याला जड जात होतं, आणि का ते त्यालाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक. नवरदेवाचा बाप डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात सहादू म्हणाला, "माझी न्या की. ती लंगडली तर बारकूला इचारता तरी येतंय."

नवरदेव बसला सहादूच्या डाव्या हाताला. पण करवली कुठं बसणार? गाडीला जागाच दोन. घोड्यावर ती मागं बसते, इथं मागं काहीच नाही. बायांची सभा भरली. करवलीशिवाय नवरदेव हलणार नाही, हे तर नक्की. शेवटी सहादूनं मागच्या त्या हुडाच्या घडीवर गोधडी टाकली आणि करवलीला वर बसवलं, पाय दोन सीटांच्या मधे. आणि काय सांगू पोरांनो! ती पोरगी नवरदेवापेक्षा उंच दिसायला लागली. तीही खूश, नवरदेवही खूश, आणि आम्ही पुढं वाजवत निघालो. घोड्यावर नवरदेव दिसतो, पण थोडा घाबरलेला दिसतो. या गाडीत तो मांडी ठोकून बसल्यासारखा, कमरेपासून वर सगळा दिसायचा. म्हाताऱ्या बाया पदर खोचून पुढं यायच्या आणि सरळ त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायच्या.

तिथून जी सुरुवात झाली ती थांबलीच नाही. नाशिक रोड, भगूर, सिन्नर फाटा, पार दिंडोरीपर्यंत. लांबच्या गावाला ती ट्रकवर चढून जायची, नवरीसारखी. पहिली काही वर्षं आमच्या लोकांची लग्नं, मग सगळ्यांचीच.

एकच खोड. वरातीच्या चालीनं चालायचं म्हणजे गाडीला वारा लागत नाही, आणि मग ती तापते. दर चौकात नाकातून वाफ. सहादू उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "पाणी! तहानली!" आणि एक गंमत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. ज्या गावात आम्हाला कुणी तांब्या पुढं केला नसता, त्या गावात गाडीनं वाफ सोडली की घराघरातून बादल्या यायच्या. गाडी मरतीय का जगतीय हे बघायला माणसं, पोरं, म्हातारे सगळे गोळा. सहादू बादली घ्यायचा, आधी त्यातूनच ओंजळभर स्वतः प्यायचा, मिशी पुसायचा आणि उरलेलं गाडीला पाजायचा. कुणी काही बोलू शकायचं नाही. बादली गाडीसाठीच आली होती ना!

अशी वर्षं गेली. शहाऐंशी साल उजाडलं. रस्त्यावर मारुत्या दिसायला लागल्या. पांढरी, गुळगुळीत, आवाज नाही, धूर नाही. सहादूचा धाकटा भाऊ गोरक्ष, नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरीला, त्याच्या तर डोळ्यांतच ती भरली. तो दर रविवारी येऊन सांगायचा, "दादा, लोकं आता मारुती मागत्यात. तुझी बिनपदराची लगनसराईपुरती. मारुती वर्षभर धंदा देईल. शिर्डी म्हण, त्र्यंबक म्हण, वणी म्हण. तुझं वय झालं, आता किती दिवस बॉनेटात डोकं घालशील?"

त्याचं काही खोटं नव्हतं. बाकीच्या महिन्यांत सहादू लोकांच्या बागा राखायचा, आणि गुडघे कुरकुरायला लागले होते.

आणि नेमका त्याच वैशाखात कापडियाशेठ आला.

मुंबईचा गुजराती माणूस, हवापालटाला देवळाली कॅम्पात उतरलेला. जुन्या गाड्यांचा नादी. आमची वरात कॅम्पातून चालली होती. हा पायजमा-बंडीवर रस्त्यात आला आणि गाडीसमोर असा उभा राहिला की आम्हाला वाटलं, नवरीकडचा कुणी रुसलाय. वरात संपेपर्यंत तो बरोबर चालला. जेवायलाही बसला. आणि संध्याकाळी सहादूच्या ओट्यावर.

"सहादूभाई, ही गाडी तुमी वरातीत चालवते?"

"व्हय."

"फक्त वरातीत?"

"मंग आणखी कशात?"

"हिला तुमी कधी पळवलाच नाय?"

"दुसऱ्यात पळतीया की. बँडवाल्यांच्या टाचा सांभाळाव्या लागत्यात."

शेठनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा! ही शर्यतीची गाडी. हिला तिसरा हाय, चौथा हाय!"

"ते साहेबलोकांचे," सहादू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाला, एकदा मला चालवू द्या. भगूरच्या पुढं लहवितकडं सरळ रस्ता आहे, तिथं नेली. आम्ही सगळे बघायला गेलो, मालनबाईसुद्धा. शेठ स्टिअरिंगवर बसला, आणि सहादू पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, डावीकडच्या सीटवर. नवरदेवाच्या जागी. त्याला हात कुठं ठेवावे ते कळेना. मालनबाई म्हणाली, "बघा, बघा, लगीन करून घेतलं ते पायी चालत, अन् आता या वयात घोड्यावर!"

गाडी निघाली. पहिला झाला, दुसरा झाला, आणि मग असा एक आवाज आला, जो इतकी वर्षं तिच्या पुढं चालून मी कधी ऐकला नव्हता. खालच्या सुरातून एकदम वरच्या पट्टीत. क्लॅरोनेटवर नवशिक्याचा सूर फाटतो तसा नाही, उस्तादाचा चढतो तसा. धुळीचा लोट, आणि गाडी गायब.

परत आली तेव्हा सहादूची टोपी नव्हती. मिशी दोन्ही कानांकडं गेलेली. तो हसत होता, पण कुणाकडं बघून नाही. खाली उतरला आणि गाडीच्या नाकावर हात ठेवला. मग मला हळूच म्हणाला, "गड्या, म्या इतकी वर्षं घोडीला नांगराला जुंपलं का रं?"



शेठचा सौदा साधा होता. गाडीला गाडी. माझी मारुती नवीकोरी आहे, ती तुम्ही ठेवा, ही मला द्या. मी हिला तिच्या घराण्यासारखी ठेवीन, पळवीन. आणि तो मनापासून बोलत होता, लबाडी नव्हती. वर म्हणाला, "माझी गाडी इथंच ठेवून जाते. वापरून बघा. आठवड्यानं येते. मग बोला, जुनी की नवी."

म्हणजे आता सहादूच्या दारात दोन गाड्या. एक लाल, एक पांढरी. वाड्यातली पोरं पांढरीच्या काचेत तोंडं बघायची आणि लालीत चढून बसायची. गोरक्ष रजा काढून आला आणि मारुती पुसत बसला. सहादूला जेवण जाईना. मला तर रोज सकाळी उठल्यावर तोच प्रश्न, आज कुणाकडं वळतोय हा?

एके दिवशी दुपारनंतर त्यानं मालनबाईला हाक मारली, "चल, बस."

"कशात?"

"बिनपदरात."

तिनं लुगडं बदललं, बरं का. नवं नेसली, नथ घातली. डावीकडं नवरदेवाच्या जागेवर बसली. शेजारच्या बयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मालनबाईचं आणि त्यांचं नळावरून वर्षानुवर्षं वाजलेलं. सहादूला आता तिसऱ्याची चव लागली होती. त्यानं वाड्यातून निघतानाच वेग घेतला, बयाबाईंच्या ओट्यावरून सुंईकन गेला, आणि रस्त्याला लागून तिसऱ्यात.

परत आले तर मालनबाईचा चेहरा पडलेला. सहादूला वाटलं, घाबरली. ती म्हणाली, "भ्यायला काय झालं? पर मला झाडं दिसंना, माणसं दिसंना, नुसता वारा. डोळ्यातून पाणी." आणि दुसऱ्या दिवशी नळावर बयाबाईंनी विचारलं, "काल गाडीत कोण पाव्हणी व्हती गं?" मालनबाईनं घागर तिथंच आपटली. घरी येऊन सहादूवर तोंड सोडलं, "नथ घालून बसले, अन् त्या बयाला मी दिसलेच नाय! मंग बसून उपेग काय?"

 

आता धोंडाबाईचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. धोंडाबाई आमच्याच वाड्यातली, नवरा लवकर गेलेला, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला सावळीराम प्रेसमध्ये गोरक्षच्या जोडीला, धाकटा गेणू वीटभट्टीवर मुकादम. तिनं आपल्या भावाच्या दोन्ही मुली दोन्ही मुलांना केल्या. सख्खे भाऊ, सख्ख्या बहिणी, एक मांडव. लग्न भावाच्या गावी, म्हणजे तिच्या माहेरी, दिंडोरीच्या पुढं. गावाचं नाव घेत नाही, तिथं आता माझ्या नातवाची सासुरवाडी आहे.

लग्न नेमकं त्याच आठवड्यात. धोंडाबाई तारखेआधी सहादूकडं आली. म्हणाली, "सहादूभाऊ, माझं लगीन झालं तवा ह्यांची वरात मागच्या नाल्यातून आणली व्हती. पायी, चिखलातून. चावडीवरून यायचं नाय, असं सांगितलं व्हतं. म्या नवरी, मला वाड्याच्या कुडातून निसतं डोकं दिसलं ह्यांचं. आता माझी दोन्ही पोरं चावडीवरून आली पायजेत. गावानं तोंडं पाह्यली पायजेत. एवढंच माझं मागणं."

सावळीराम म्हणाला, मी मारुतीतून जाणार. प्रेसमधले दोस्त येणार होते, आणि मारुती म्हणजे तेव्हा काय रुबाब! गेणूला काहीही चालत होतं, तो सहादूच्या शेजारी. मारुती गोरक्ष चालवणार. म्हणजे सहादूच्या दारातल्या दोन्ही गाड्या एकाच वरातीत, एकामागं एक. मी मनात म्हटलं, आता निकाल लागतो. करवली मात्र दोघांची एकच, बहीण ठमा. ती म्हणाली, "मी उघड्यावर बसणार. त्या डब्यात मला कोण बघंल?"

गावाच्या वेशीवर आम्ही सूर लावला. पुढं बँड, मग पांढरी, मग लाल. थोरला पुढं, रीतच आहे.

पण कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं की मारुतीचं छत बुटकं आणि सावळीरामचा फेटा उंच, वर त्याला तुरा. घरच्या मांडवातून बांधूनच आणलेला, काढायचा नाही. गडी बसला, तो मान मोडून. हनुवटी छातीला टेकलेली. मागं दाबून बसावं तर फेटा सरकतो, पुढं वाकावं तर मुंडावळ्या नाकात. बाहेर ऊन आणि काचा बंद, काचेवर चकाकी. बाया ओवाळायला येत होत्या तर त्यांना काचेत स्वतःचीच तोंडं दिसत होती. मी क्लॅरोनेट वाजवता वाजवता मागं बघायचो तर नवरदेव म्हणून फक्त एक तुरा.

धोंडाबाई बाजूनं चालत होती. चावडी आली. पारावर गावातली माणसं बसलेली. मारुती त्यांच्यासमोरून अशी निसटायला लागली की कुणाची मानही वळली नाही. त्यांना वाटलं, कुणा साहेबाची गाडी बँडात अडकलीय.

धोंडाबाईनं काचेवर बुक्की मारली. "ए गोरक्ष! थांबव!"

काच खाली झाली.

"सावळ्या, मान वर कर."

"होत नाय, आई. फेटा लागतो."

"चावडीपुढून मान खाली घालून चाललास? तुझा बाप नाल्यातून गेला, पर मान वर करून गेला! उतर भाईर!"

पोरगा उतरला. दोस्त बघतायत, गाव बघतंय. ती त्याला धरून लाल गाडीकडं आली. "सहादूभाऊ, ह्यालाबी घ्या."

सहादूनं मागं पाहिलं. "जागा कुठं हाय? ठमे, तू उतर जरा."

आणि ठमा काय म्हणाली असेल? ओढ्यावरच्या त्या करवलीसारखंच, "करवलीनं अर्ध्या वाटंत उतरायचं नसतं!"

मग सावळीराम तिच्या शेजारी हुडावर चढला. खाली सीटवर एक नवरदेव, वर एक नवरदेव, त्याला लागून करवली, सगळ्यांत खाली सहादूची मिशी. पारावरची माणसं उठून उभी राहिली, नीट दिसावं म्हणून. एवढा भार घेऊन बिनपदराची चार पावलं गेली आणि बरोबर चावडीच्या दारात तिनं वाफ सोडली. आभाळात ढगच!

"पाणी! तहानली!" सहादू ओरडला.

समोरच्या मोठ्या घरातून एक म्हातारे गृहस्थ स्वतः बादली घेऊन आले. गाडी बघायची त्यांना भारी हौस दिसली. सहादूनं सवयीनं ओंजळ पुढं केली, पण त्याच्या आधी धोंडाबाई वाकली. याच घराच्या आडावरून लहानपणी तिला हाकललेलं. तिनं दोन ओंजळी पाणी प्यायलं, सावकाश, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता गाडीला द्या." म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, मग वर बसलेल्या तिच्या पोराकडं पाहिलं, आणि म्हणाला, "आणखी एक बादली आणतो."

गाडी गार होईपर्यंत आम्ही तिथंच वाजवत होतो. मास्तरांना येत होती तेवढी सगळी गाणी संपली. आमच्या आणि लाल गाडीच्या मधे अडकलेला गोरक्ष रिकाम्या मारुतीत बसून हॉर्न वाजवत होता, आणि कुणी बाजूला होत नव्हतं.

ठरल्याप्रमाणं कापडियाशेठ आला. ओट्यावर बसला, मालनबाईनं चहा दिला. गोरक्ष एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, बयाबाई त्यांच्या ओट्यावर तांदळाचं सूप घेऊन, कान इकडं. मारुती धुऊनपुसून दारात उभी. शेठनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "बोला सहादूभाई, जुनी की नवी?"

सहादू उठला, बिनपदराच्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "शेठ, तुमची नवी लय गुणाची हाय. तिला पाणी लागत नाय, ती वाफ सोडत नाय, कुठं थांबत नाय. पर आमचं कामच थांबायचं हाय. अन् ही तुमच्या हातात पळाली ते म्या डोळ्यानं पाह्यलं, खोटं कशाला बोलू, तिसरा गिअर मला सपनात येतोय. पर पळत्या गाडीतला माणूस कुणाला दिसत नाय, माझ्या मालनला इचारा. तुमाला वाटंल तवा या, लहवितच्या रस्त्याला हिला पळवा, मी शेजारी बसतो, निसतं सांजच्याला आणून सोडा, लगनाचे दिवस हायेत. अन् तुमच्या गाडीत मागच्या सीटाखाली झेंडू सांडलाय, तेवढा झाडून घ्या."